पु. ल. देशपांडे आणि दूरदर्शनचे पहिले दिवस

पु. ल. देशपांडे हे नाव घेतले की ‘व्यक्ती आणि वल्ली’ आठवते, ‘बटाट्याची चाळ’ आठवते, कथाकथनाच्या ध्वनिफिती आठवतात. मात्र भारतात दूरचित्रवाणी सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या मोजक्या निर्मात्यांत हेच भाई होते, हे आपल्या घरांतल्या नव्या पिढीला बहुधा ठाऊक नसते. आज पडद्यावर गप्पांचे आणि मुलाखतींचे कार्यक्रम रोज चालतात. त्यांच्या प्रारंभाशी एक मराठी माणूस उभा होता.

पुलंचा जन्म 8 नोव्हेंबर 1919 रोजी मुंबईत झाला. घराण्याचे मूळ गाव मात्र आपल्या शेजारचे, चंदगड तालुक्यातले जंगमहट्टी. आजोळ कारवारकडचे. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ या नावाने लिहीत आणि रवींद्रनाथांच्या ‘गीतांजली’चा त्यांनी मराठीत अनुवाद केला होता. पेटी, नाटक आणि गोष्टी यांच्या संगतीत मुलगा पार्ल्यात वाढला. पुढे मास्तरकी केली, सिनेमात उमेदवारी केली. 1953 च्या ‘गुळाचा गणपती’मध्ये कथा, पटकथा, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका असे सारेच त्यांनी एकट्याने सांभाळले.

काही काळ ते बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. या मुक्कामाचे ऋण त्यांच्या लेखनात दिसते. कानडी वळणाचे मराठी बोलणारे, तोंडाने फटकळ पण मनाने राजा असलेले ‘रावसाहेब’ त्यांना बेळगावातच भेटले. आपल्या बोलीला कोणी अशुद्ध म्हणून हसावे, ही सीमाभागातल्या माणसाची जुनी सल. पुलंनी ती बोली कागदावर आणली तेव्हा लोक हसले खरे, पण त्या हसण्यात माया होती. सुळेभावीत जन्मलेले आणि पुढे देवासला स्थायिक झालेले कुमार गंधर्व हे त्यांचे जिवलग स्नेही.

1955 मध्ये पुलं आकाशवाणीत रुजू झाले. त्यानंतर दूरचित्रवाणीचे तंत्र शिकण्यासाठी त्यांना लंडनला बीबीसीत जाण्याची संधी मिळाली. त्या प्रवासातून ‘अपूर्वाई’ जन्माला आले. पुस्तक घरोघरी पोहोचले, पण प्रवास ज्या शिक्षणासाठी होता ते मागे पडले. 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. आठवड्यातून दोनच दिवस, तेही थोडा वेळ, आणि फक्त दिल्ली परिसरापुरते. घरोघरी संच नव्हते; सार्वजनिक ठिकाणी ठेवलेल्या संचांसमोर लोक जमत. हाताशी साधने थोडी आणि अनुभवी माणसे त्याहून थोडी. अशा त्या केंद्रावर पुलं निर्माते होते.

पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंची दूरचित्रवाणीसाठी पहिली मुलाखत घेण्याचा मान पुलंकडे जातो. सरकारी माध्यम, सरकारी नोकर आणि समोर देशाचा पंतप्रधान. समोरचा माणूस कितीही मोठा असो, त्याला बोलते करायचे तर आधी त्याचा संकोच घालवावा लागतो. चाळीतल्या कारकुनापासून मैफलीतल्या बुजुर्ग गवयापर्यंत सर्वांशी बरोबरीने बोलण्याची सवय असलेल्या या माणसाला हे साधत असे.

तरीही या नव्या माध्यमात ते फार रमले नाहीत. नोकरी सुटली आणि 1961 मध्ये ‘बटाट्याची चाळ’चे एकपात्री प्रयोग सुरू झाले. एक माणूस, रिकामा रंगमंच आणि समोर भरलेले नाट्यगृह. गाणे, नक्कल, गप्पा, किस्से असा जो मिश्र मेळ दूरचित्रवाणीवर पुढे वाद्यवृंद आणि झगमगाट घेऊन आला, तो पुलंनी एकट्याच्या बळावर उभा केला. ‘असा मी असामी’ आणि ‘वाऱ्यावरची वरात’ यांनाही तशीच गर्दी झाली. या यशाचा पैसा पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानमार्फत सामाजिक कामांकडे वळला. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या उभारणीला त्यांनी दिलेला हात सर्वश्रुत आहे. या साऱ्या हिशेबामागे सुनीताबाईंची शिस्त होती.

लोकांना हसवणारा माणूस सत्तेपुढे गप्प बसेल, असा कोणाचा समज असेल तर तो 1975 च्या आणीबाणीने खोटा ठरवला. पुलंनी उघड विरोध केला आणि 1977 च्या निवडणुकीत जनता पक्षासाठी सभा गाजवल्या. पक्ष सत्तेवर आल्यावर मात्र पद किंवा मान न मागता ते पुन्हा आपल्या लेखनाकडे वळले. 1996 मध्ये पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळाला. प्रकृती खालावलेली होती, तरी पुरस्कार देणाऱ्या सरकारच्या कारभाराबद्दलची नाराजी त्यांनी लपवली नाही. त्याबद्दल बाळासाहेब ठाकरे यांनी त्यांच्यावर कडक टीका केली. ज्यांच्यावर हा प्रसंग आला ते पुलं एकेकाळी ओरिएंट हायस्कुलात ठाकऱ्यांचे शिक्षक होते.

12 जून 2000 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. 1946 साली त्यांचा सुनीताबाईंशी विवाह झाला, तोही 12 जूनलाच.

दिल्लीच्या त्या पहिल्या दिवसांतले बहुतेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. दिवा मालवला की कार्यक्रम संपला. त्यामुळे निर्माते पुलं आपल्याला पाहायला मिळत नाहीत. लेखक आणि कथनकार पुलं मिळतात. आपल्या मंडळाच्या कुटुंबांतली मुले शाळेत कानडी, हिंदी किंवा इंग्रजी शिकतात आणि मराठी कानांवर पडते ती घरातच. अशा घरात एखाद्या रविवारी ‘रावसाहेब’ लावून सर्वांनी एकत्र ऐकावे. आपली बोली, आपल्या गावचे हेल आणि आपल्यासारखीच माणसे त्यात भेटतील. मुलांना मराठी शिकवण्याचा याहून आनंदाचा मार्ग शोधावा लागणार नाही.