घरकामातून संतपदाला पोहोचलेली रोमची संत फ्रान्सिस्का

९ मार्च हा रोमची संत फ्रान्सिस्का हिचा स्मरणदिन. हा दिवस जवळजवळ दर वर्षी उपवासकाळात येतो. त्यामुळे मिस्सेत तिचे स्मरण थोडक्यात होते आणि पुष्कळ भाविकांना तिची ओळख राहत नाही. स्वयंपाक, मुलांची शाळा, घरातील वृद्धांची औषधे या धावपळीत ज्या भगिनींना शुक्रवारच्या क्रूसाच्या वाटेला देवळात पोहोचणे जमत नाही आणि ज्यांच्या मनाला त्याची रुखरुख लागून राहते, त्यांनी तिचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

फ्रान्सिस्काचा जन्म १३८४ साली रोममधील एका श्रीमंत घराण्यात झाला. लहानपणापासून तिला मठात जाण्याची ओढ होती. परंतु वडिलांनी तिचे लग्न ठरवले आणि वयाच्या अवघ्या बाराव्या वर्षी ती लोरेन्झो पोन्झियानी याची पत्नी होऊन तायबर नदीपलीकडील त्रास्तेवेरे भागातील मोठ्या वाड्यात आली. मेजवान्या, भेटीगाठी, उंची वस्त्रे यांत तिचे मन रमेना. त्या घरात तिला एक सोबतीण मात्र मिळाली. थोरली जाऊ वन्नोझा हिच्याही मनात तीच ओढ होती. दोघी जावा मिळून प्रार्थना करू लागल्या, साधे कपडे घालून रुग्णालयांत जाऊ लागल्या. जावांच्या अशा मैत्रीचे उदाहरण संतचरित्रांत क्वचितच आढळते!

सासूच्या निधनानंतर घराचा कारभार धाकट्या सुनेने पाहावा, अशी सासऱ्यांची इच्छा झाली. थोरली जाऊ असताना हा मान आपण घेऊ नये, असे फ्रान्सिस्काला वाटत होते. परंतु वन्नोझानेही तोच आग्रह धरला. नोकरचाकर, कोठार, पाहुणे आणि पुढे स्वतःची मुले, असा सारा भार तिने विशीच्या आतच उचलला.

याच काळातील एक प्रसंग परंपरेने जपला आहे. फ्रान्सिस्का पवित्र मरियेच्या सन्मानार्थ म्हणावयाची स्तोत्रे म्हणत बसली होती. एक चरण सुरू करते न करते तोच तिला घरकामासाठी हाक आली. ती उठली, काम केले, परत आली आणि तोच चरण पुन्हा सुरू केला. पुन्हा हाक आली. असे चार वेळा घडले आणि चारही वेळा ती चिडचिड न करता उठली. पाचव्यांदा पुस्तक उघडले तेव्हा तो चरण सोन्याच्या अक्षरांत लिहिलेला दिसला, असे सांगतात. चित्रकारांना सोनेरी अक्षरे भावली. आम्हांला मात्र त्या चार वेळा उठण्याचे मोल अधिक वाटते. फ्रान्सिस्का कडक उपवास करीत असे, हे खरेच. परंतु जेवणाचा उपवास आपण स्वतः ठरवतो, कुणाची हाक कधी येईल हे आपण ठरवू शकत नाही. स्वतःच्या इच्छेचा असा उपवास ती दररोज करीत होती.

दुष्काळ पडला तेव्हा तिने घरातील धान्य गरिबांना वाटायला सुरुवात केली. सासऱ्यांना ते रुचले नाही व त्यांनी शिल्लक धान्य विकून टाकले. तेव्हा दोघी जावा रिकाम्या कोठारात गेल्या आणि भुसा चाळून त्यातून दाणे निवडू लागल्या. पुढे ते कोठार गव्हाने भरलेले आढळले, अशी कथा आहे. तो चमत्कार घडण्यापूर्वीची त्यांची मेहनतही विसरण्याजोगी नाही. श्रीमंत घरच्या दोन सुना मूठभर गव्हासाठी धुळीत बसल्या होत्या. शहराबाहेरील आपल्या द्राक्षमळ्यातून सरपण आणून ती गरिबांच्या दारी पोहोचवत असे.

१४०८ साली नेपल्सचा राजा लाडिस्लाऊस याने रोम जिंकले. त्या धामधुमीच्या वर्षांत लोरेन्झो गंभीर जखमी झाला, त्याला परागंदा व्हावे लागले, वाडा लुटला गेला. त्यातच प्लेग आला आणि एव्हान्जेलिस्ता हा तिचा लहान मुलगा दगावला. पुढे मुलगी आग्नेसही गेली. त्या मोडक्या वाड्यातच तिने रुग्णांसाठी खाटा मांडल्या. त्यांच्यासाठी ती स्वतः मलम तयार करीत असे.

थोरला मुलगा बात्तिस्ता याची पत्नी मोबिलिया हिला सासूच्या साध्या राहणीची लाज वाटे व ती चारचौघांत तिची थट्टा करी. फ्रान्सिस्काने ते मुकाट्याने सोसले. मोबिलिया आजारी पडली तेव्हा सासूने तिची मनापासून शुश्रूषा केली आणि सुनेचे मन पालटले. घरोघरी हे नाते कसे असते हे आपण जाणतो. म्हणूनच आम्हांस हा बदल कोठाराच्या चमत्काराहून लहान वाटत नाही.

१४२५ साली तिने काही स्त्रियांना एकत्र आणून समर्पित जीवनाचा संघ स्थापन केला. १४३३ साली त्यांच्यासाठी तोर दे स्पेक्की येथे घर घेतले गेले. ती स्वतः मात्र तेथे राहावयास गेली नाही. पती हयात होता, त्याची सेवा हे तिचे पहिले कर्तव्य होते. १४३६ साली लोरेन्झोचे निधन झाल्यावरच, सुमारे चाळीस वर्षांचा संसार पुरा करून, तिने त्या घरात प्रवेश केला.

तिला १६०८ साली पोप पाचवे पौल यांनी संतपद बहाल केले. १९२५ साली पोप अकरावे पायस यांनी तिला वाहनचालकांची आश्रयदाती घोषित केले. रस्त्यात देवदूताचा प्रकाश तिला वाट दाखवी, या परंपरेवरून हा मान आला.

१४४० च्या मार्चमध्ये बात्तिस्ता आजारी असल्याचे कळले म्हणून ती त्याला भेटावयास जुन्या वाड्यात गेली. तेथे ती स्वतःच तापाने आजारी पडली आणि तिला मठात परत जाता आले नाही. त्या वर्षी ईस्टर २७ मार्चला होते. उपवासकाळातील बुधवारी, ९ मार्च रोजी, संध्याकाळची प्रार्थना आटोपून तिने त्याच घरात प्राण सोडला. रोमन फोरमजवळच्या सांता मारिया नोव्हा या देवळात तिचे दफन झाले. ते देऊळ आता तिच्याच नावाने ओळखले जाते.