चाल आपली, गाणं येशूचं!

ख्रिश्चन रॉकच्या जुन्या रेकॉर्ड्स जमवणाऱ्यांना लॅरी नॉर्मन पाठ असतो. पण त्याच्या कितीतरी आधी तसाच प्रयोग मराठीत करून गेलेल्या एका कवीचं आयुष्य विदर्भातल्या एका रेल्वेप्रवासात बदललं. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची ही गोष्ट.

विनाइलची क्रेझ परत आलीय, हे आता कुणाला सांगायला नको. कुणी जुन्या हिंदी सिनेमांच्या एलपी शोधतं, कुणी बीटल्स. या छंदाच्या गावात एक छोटी गल्ली आहे, ख्रिश्चन रॉकची. १९६९ मध्ये कॅपिटल कंपनीनं काढलेला लॅरी नॉर्मनचा 'अपॉन धिस रॉक' हा अल्बम या गल्लीची वेस मानला जातो. मग १९७२ चा त्याचाच 'ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट', पुढे लव्ह साँग, पेट्रा वगैरे बँड. लांब केसांची पोरं, हातात इलेक्ट्रिक गिटार आणि गाण्यात येशू! चर्चमधल्या बऱ्याच मोठ्या माणसांना ते संगीत सैतानाचं वाटायचं आणि रॉकवाल्यांना ते शब्द प्रवचनासारखे. बोलणी दोन्हीकडून.

म्हणूनच या रेकॉर्ड्स जमवणाऱ्याला त्यात नुसतं गाणं ऐकू येत नाही, एक भांडणही ऐकू येतं. देवाचं गाणं कुठल्या चालीत म्हणायचं, हे ठरवायचं कुणी?

मराठीत हे भांडण लॅरी नॉर्मनच्या जन्माआधीच होऊन गेलं. फक्त तिथं गिटारच्या जागी टाळ होते.

टिळक, पण लोकमान्य नव्हे

टिळक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पगडी आणि केसरी येतो. हे टिळक वेगळे. यांची 'केवढे हे क्रौर्य' ही जखमी पक्षिणीची कविता आपल्या आजी-आजोबांना अजून तोंडपाठ असते. 'फुलामुलांचे कवी' ही त्यांची जुनी ओळख.

जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणांचं. आईवर फार जीव, पण ती लहानपणीच गेली. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत काव्य शिकले, थोडं इंग्रजीही झालं आणि मग शाळा सुटली ती सुटलीच. घरच्यांनी लग्न लावून दिलं. जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका सासरी येऊन लक्ष्मी झाली, तेव्हा ती जेमतेम अकरा-बारा वर्षांची होती.

पुढची काही वर्षं म्हणजे नुसती भटकंती. कधी मास्तरकी, कधी भिक्षुकी, कधी छापखान्यात खिळे जुळवणं. आजच्या भाषेत सांगायचं तर एकही जॉब टिकला नाही. डोक्यात मात्र एकच प्रश्न होता. या देशाचं भलं कशानं होईल? जातीपातीच्या भिंती त्यांना छळायच्या आणि त्या पाडणारा धर्म कुठला, याचा शोध मनात चालू असायचा.

१८९१ च्या सुमारास नागपूरनं त्यांना हात दिला. आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानं संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचं काम मिळालं. 'ऋषी' नावाचं, हिंदू धर्मावर चर्चा करणारं मासिकही त्यांनी चालवलं. म्हणजे पुढे ख्रिस्ती भजनं लिहिणारा हा माणूस त्या वेळी नागपुरात बसून वैदिक साहित्यावर लिहीत होता.

तो रेल्वेचा डबा

मग ती प्रसिद्ध रेल्वे. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात त्यांची एका गोऱ्या मिशनऱ्याशी गाठ पडली. गप्पा कवितेवरून सुरू होऊन धर्मावर गेल्या. उतरण्याआधी त्या माणसानं टिळकांच्या हाती बायबल ठेवलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही करून टाकलं. त्याचं नाव अर्नेस्ट वॉर्ड, फ्री मेथॉडिस्ट चर्चचा.

आपल्या जिल्ह्याचा धागा इथं जुळतो. भारतातलं फ्री मेथॉडिस्ट काम पुढे मुख्यतः यवतमाळ जिल्ह्यातच रुजलं. पांढरकवड्याकडचं उमरीचं मिशन हॉस्पिटल त्याच कामातून उभं राहिलं. १९५३ मध्ये यवतमाळ शहरात सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरीही त्याच परंपरेतली. तीस वर्षं देशभरातली पोरं पाळक व्हायला आपल्या गावात शिकली आणि १९८३ मध्ये सेमिनरी पुण्याला हलली.

टिळकांनी बायबल वाचायला घेतलं ते आधी जरा नाइलाजानंच. पण डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. सगळ्यांना एका रांगेत बसवणारा, शत्रूवरही प्रेम करायला सांगणारा हा गुरू त्यांना आपलासा वाटला. राजनांदगावला नोकरी करता करता त्यांनी मुंबईच्या मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू केला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तोही गोऱ्या मिशनऱ्याच्या नव्हे, भारतीय पाळकाच्या हातून. वरवर साधी वाटणारी ही निवड त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचा ट्रेलर होती.

घर तुटलं, मग जुळलं

इथवर गोष्ट रोमँटिक वाटेल. पण या निर्णयाची किंमत घरानं मोजली. पदरात लहानगा दत्तू, नवरा जिवंत असून समाजाच्या लेखी मेल्यासारखा. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. त्या काळी धर्म बदलणं म्हणजे एका दिवसात आई, बहीण, गाव, पंगत, सगळ्यांतून नाव खोडलं जाणं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. नंतर त्या टिळकांकडे आल्या, तरी आपलं सोवळं सांभाळून. हळूहळू त्यांचाच विचार पालटला. देवानं माणूस घडवला, जात माणसानं, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानं सांगितलं म्हणून नाही, स्वतःला पटलं तेव्हा.

संसार थाटला अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. टिळक तिथल्या मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले, पुढे रेव्हरंड झाले. दुष्काळ आणि प्लेगच्या दिवसांत त्यांच्या घराचं दार सताड उघडं असायचं. बालकवी ठोंबरे हे कोवळं पोरगं याच घरात लेकासारखं राहिलं.

ऑर्गनच्या जागी टाळ

आता मुद्द्याचं. टिळक चर्चमध्ये गेले तेव्हा तिथं काय ऐकू येत होतं? बरीचशी इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरं, पाश्चात्त्य चालींवर बसवलेली. भाव खरा, पण अडचण तांत्रिक होती. इंग्रजी गाणं ठोक्यावर चालतं, मराठी शब्दाचा जीव ऱ्हस्व-दीर्घात असतो. इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबला की ऱ्हस्व अक्षर ताणलं जातं, दीर्घ चेपलं जातं. शब्द ओळखीचा असून परका वाटतो. इंग्रजी गाण्याच्या ट्रॅकवर मराठी लिरिक्स बसवून बघा, लगेच कळेल.

टिळकांनी चाल बदलली. अभंग, ओवी, पद, आरती, जे कानावर पडत मराठी माणूस मोठा होतो, त्यातच त्यांनी येशूला गायलं. मोठ्या अभंगाचा हिशेब सोपा असतो: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, मधल्या दोन चरणांचं यमक. ना ऑर्गन लागतो, ना नोटेशन. टाळ असले तर उत्तम, नसले तर टाळी पुरते. निरक्षर बाईसुद्धा एकदा ऐकून दुसऱ्यांदा सोबत म्हणू शकते. नगरच्या मिशनात ख्रिस्ती कीर्तन त्यांच्या आधीपासून होतं, पण त्याला खऱ्या कवीचा शब्द टिळकांनी दिला.

बदल फक्त चालीचा नव्हता. वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतो, तसं टिळकांनी ख्रिस्ताला आई आणि गुरू अशा दोन्ही नात्यांनी हाक मारली. तुकोबा त्यांनी कधीच सोडले नाहीत. उलट आपण तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत. धर्म बदलला, मग भाषा, चाल, संत, माती हे सगळं टाकून द्यायचं का? टिळकांचं उत्तर होतं, अजिबात नाही. हे उत्तर दोन्हीकडच्या लोकांना टोचणारं होतं. जुन्या नातेवाइकांच्या लेखी ते बाटलेले होते आणि काही मिशनऱ्यांच्या लेखी जरा जास्तच देशी. लॅरी नॉर्मनची आठवण येते ती इथं.

'अभंगांजली', 'भक्तिनिरंजन' ही त्यांची या काळातली पुस्तकं. मराठी चर्चमध्ये आजही वापरात असलेल्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांच्या गाण्यांचा वाटा फार मोठा आहे. एखाद्या रॉकस्टारचे हिट्स शंभर वर्षांनंतरही दर रविवारी लाइव्ह वाजावेत, तसंच हे.

पगारावर लाथ

१९१२ पासून 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी भागाचं संपादन त्यांच्याकडे होतं. नाव होतं, मान होता, मिशनचा पगार होता. १९१७ मध्ये, पंचावन्न ओलांडल्यावर, त्यांनी तो पगार सोडला. परक्या पैशावर उभा असलेला ख्रिस्ती समाज भारताचा होणार नाही, असं त्यांना वाटू लागलं होतं. ते संन्याशासारखे राहू लागले आणि साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणालाही त्यात जागा होती. कुंपणच नसलेलं चर्च म्हणा ना!

या प्रयोगाला फार दिवस मिळाले नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. येशूचं चरित्र ओवीबद्ध सांगणारं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं. सुरुवातीचे थोडे अध्यायच त्यांच्या हातून झाले होते. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहून ते पूर्ण केलं. शिवाय 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिलं. १९३४ पासून भागाभागानं आलेलं हे पुस्तक मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत गणलं जातं. टिळकांना ओळखायचं तर ते आधी वाचा. नवऱ्याचा भोळेपणा, विसरभोळेपणा, हट्ट, सगळं त्यांनी इतकं हसत-हसत सांगितलंय की हा संतकवी आपल्या शेजारचा माणूस वाटायला लागतो.

मग आपण काय जमवायचं?

जुन्या ख्रिश्चन रॉकचा नाद असलेल्यांच्या यादीत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' असतोच. तो १९७० चा डबल एलपी रॉक ऑपेरा. १९७४ मध्ये अलेक पदमसींनी तो मुंबईच्या रंगमंचावर आणला, तेव्हा ज्यूडास, म्हणजे आपल्या बायबलातला यहूदा, नंदू भेंडे या मराठी पोरानं गायला. पुढे पुलंच्या 'तीन पैशांचा तमाशा'मध्येही तोच गाजला. येशूची गोष्ट, रॉकचं संगीत आणि मराठी गळा हे तिन्ही एकत्र आले ते असे.

पण सुरुवात करायला हजारोंच्या रेकॉर्डची गरज नाही. रेकॉर्डवाला लेबलच्या कडेला कोरलेला नंबर बघून पहिलं प्रेसिंग ओळखतो. तसंच जुन्या भजनाच्या पुस्तकात आवृत्ती, साल आणि छापखाना बघायचा. गाण्याच्या डोक्यावर बहुतेक वेळा चाल दिलेली असते, ती नक्की टिपा. कुठलं लोकप्रिय पद तेव्हा लोकांच्या ओठांवर होतं, ते त्या एका ओळीतून कळतं. रद्दीवाला, जुन्या पुस्तकांची दुकानं, घरातल्या पेट्या, सगळीकडे शोधा.

आणि सगळ्यात दुर्मिळ रेकॉर्डिंग तर तुमच्याच जिल्ह्यात आहे. यवतमाळ, उमरी, पांढरकवडा भागात ही भजनं लहानपणापासून म्हणत आलेल्या आजी-आजोबांना गाठा. परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करा, तारीख आणि गाव लिहून ठेवा. तेच भजन प्रत्येक गावात थोडं वेगळं होतं. कुठं लय बदलते, कुठं एखादी हरकत. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर वाढलेल्या आपल्या भागात येशूच्या भजनालाही तिचा ठेका लागला असेल, तर तो तुमच्याच कानांना सापडेल. पुस्तकात शब्द उरतात, चाल मात्र गळ्यातच राहते. गळा गेला की चाल गेली.

ख्रिस्ती असा वा नसा, त्यानं इथं काही बिघडत नाही. एका माणसानं घर गमावलं, समाज गमावला, शेवटी पगारही सोडला, पण आपली चाल काही सोडली नाही. कानाला हेडफोन लावून ऐकण्यासारखं त्यात नक्कीच काहीतरी आहे.