दादासाहेब फाळके : आधी गोष्ट, मग सोंग



मागच्या वर्षी स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने नाटक केले. पुठ्ठ्याचे मुकुट, चांदीच्या कागदाच्या तलवारी, दाढीमिशा, सगळे होते. मी सेनापती होतो. पण थोड्याच वेळात मोठी माणसं आपसात बोलू लागली आणि लहान पोरं उठून खेळायला पळाली. मला फार वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारले, की ते दोन राजे भांडत कशासाठी होते? आम्हांला काही सांगता येईना. तेव्हा गुरुजींनी दादासाहेब फाळके यांची माहिती सांगितली. तीच मी इथे लिहितो.

दादासाहेबांचे पूर्ण नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे पंडित होते. दादासाहेब मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रे काढणे, फोटो काढणे, छपाई, जादूचे प्रयोग, असे नाना उद्योग त्यांनी केले.

१९१० च्या सुमारास त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मुका चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू चालत होता, पण त्यांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहिले. आपल्या गोष्टींचा चित्रपट आपणच काढायचा, असा त्यांनी ध्यास घेतला. रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि अभ्यास करून त्यांचे डोळे बिघडले. काही दिवस तर दिसेनासे झाले. औषधोपचाराने नजर परत आली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ साली विलायतेला गेले आणि कॅमेरा घेऊन परत आले.

पण पैसा लावायला कोणी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर बघता बघता कोंब फुटतो आणि रोप वाढते. लोक थक्क झाले. आपण शेतात मका आणि कापूस उगवताना नेहमी पाहतो, त्याचे काही वाटत नाही. पण इथे मग काय झालं, मग काय झालं, असे वाटत राहते. म्हणून मला वाटते, की तीसुद्धा एक छोटी गोष्टच होती.

मोठ्या चित्रपटासाठी त्यांनी राजा हरिश्चंद्राची गोष्ट निवडली. चित्रपट मुका होता. मधे मधे हिंदी आणि इंग्रजी अक्षरांच्या पाट्या येत. त्या काळी पुष्कळांना वाचता येत नव्हते. मग त्यांना चित्रपट समजला कसा? मी घरी आजीला हरिश्चंद्राचे विचारले. आजीला अक्षर येत नाही आणि तिने तो चित्रपट पाहिलेला नाही. तरी तिने सगळी गोष्ट सांगितली. राजा राज्य दान करतो, बायको-मुलाला विकतो आणि स्वतः मसणात चाकरी करतो. रोहिदासला साप चावतो. तारामती त्याला मसणात आणते, तर राजा पोटच्या पोरासाठीही मालकाचा कर मागतो. हे सांगताना आजीनं डोळ्याला पदर लावला. आता राजा सत्य सोडतो की काय, म्हणून मी पण श्वास धरून बसलो.

तेव्हा मला आमची चूक कळली. हरिश्चंद्राचा मुकुट तर सुरुवातीलाच जातो, तरी आपण ऐकतच राहतो. आमचे मुकुट शेवटपर्यंत डोक्यावर होते, पण कोणी बघत नव्हते!

चित्रपट करणे सोपे नव्हते. बाया काम करायला तयार होईनात. म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि फिल्मला भोके पाडण्याचे कामही केले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात हा चित्रपट लागला आणि लोकांनी गर्दी केली.

पुढे 'लंकादहन' (१९१७) चित्रपटात अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले! 'कालियामर्दन' (१९१९) चित्रपटात दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. नंतर बोलपट आले आणि दादासाहेब मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९६९ सालापासून त्यांच्या नावाने भारत सरकारचा मोठा पुरस्कार दिला जातो.

आपल्या फुलंब्रीवरून अजिंठ्याला रस्ता जातो. तिथल्या लेण्यांतल्या भिंतींवर बुद्धाच्या जातककथा रंगवलेल्या आहेत. रंग बऱ्याच ठिकाणी उडाले आहेत, पण कोणी गोष्ट सांगितली की चित्र लगेच समजते.

यंदा आम्ही संमेलनासाठी आधी गोष्ट लिहिली आहे. ती मी आजीला वाचून दाखवली. मधे थांबलो तर आजी म्हणाली, पुढं काय झालं? मुकुट अजून केलेले नाहीत. ते नंतर करू.

– इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी