किंग कॅम्प जिलेट

सकाळीं आरशासमोर उभें राहावें, ऊन पाण्यानें गाल भिजवावे, वाटींतील साबणावर कुंचला घोळवून फेस करावा आणि पातळ पात्याच्या यंत्रानें दाढी करून मोकळें व्हावें, हा क्रम इतका साधा आहे कीं, त्यापायीं कोणाच्या आयुष्याचीं कित्येक वर्षें खर्चीं पडलीं असतील, असें आपल्या मनांतहि येत नाहीं. त्या यंत्राच्या जनकाचें अल्प चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

जिलेट याचा जन्म ५ जानेवारी १८५५ रोजीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत झाला. बालपण शिकागो शहरीं गेलें. वडिलांस नवनवीन युक्त्या काढण्याचा नाद होता. आईनें रचलेला पाकशास्त्राचा ग्रंथ पुढें घरोघर पोंचला. परंतु १८७१ सालच्या शिकागोच्या भयंकर आगींत वडिलांच्या धंद्याची राख झाली, आणि मुलास लहान वयांतच पोटामागें लागावें लागलें. गांवोगांव हिंडून माल विकणें हाच त्याचा बहुत वर्षांचा व्यवसाय होता.

१८९१ च्या सुमारास तो बाटल्यांचीं बुचें करणाऱ्या एका कंपनींत शिरला. पत्र्याच्या बुचाचा शोधक विल्यम पेंटर तेथें होता. लोक एकदां वापरून टाकतील व पुनः विकत घेतील अशी वस्तु शोधून काढ, असा सल्ला त्यानें जिलेटला दिला. तेव्हांपासून जिलेटच्या डोक्यांत दुसरा विचार नव्हता.

त्या काळचा वस्तरा जाड पोलादाचा असे. तो दररोज चामड्याच्या पट्ट्यावर घासावा लागे, आणि धार पार गेली कीं धार लावणाऱ्याकडे न्यावा लागे. कातडी कापूं नये म्हणून आड पट्टी बसविलेलीं यंत्रें जिलेटपूर्वींहि निघालीं होतीं. परंतु त्यांचेंहि पातें जाडच. १८९५ सालीं एके सकाळीं वस्तरा बोथट झालेला पाहून जिलेटच्या मनांत आलें कीं, धार तेवढी कामाची, मग मागचें जड लोखंड हवें कशाला? पातळ पत्र्यासच दोहों बाजूंनीं धार दिली व तो दांड्यांत पकडला, म्हणजे झालें.

कल्पना क्षणांत सुचली; सिद्धीस जाण्यास मात्र वर्षांमागून वर्षें लागलीं. इतक्या पातळ पोलादास पाणी देतां येणार नाहीं, असें जाणते लोक सांगत. अखेर विल्यम निकर्सन या कुशल यंत्रज्ञानें ती रीत बसविली. १९०१ सालीं कंपनी निघाली. १९०३ सालीं, विक्रीच्या पहिल्या वर्षीं, अवघीं ५१ यंत्रें व १६८ पातीं खपलीं! दुसऱ्या वर्षीं यंत्रांचा आंकडा ९०,००० वर गेला. पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सरकारनें सैनिकांसाठीं लाखों यंत्रें घेतलीं, आणि घरींच दाढी करण्याची संवय घेऊन ते शिपाई परतले.

आश्चर्य असें कीं, या व्यापाऱ्यास व्यापारी चढाओढच मान्य नव्हती. सर्व उद्योग एकाच लोकसंस्थेच्या हातीं असावे, नायगरा धबधब्याच्या विजेवर चालणारें एक प्रचंड नगर वसवावें, असें त्यानें १८९४ सालच्या ग्रंथांत मांडलें होतें. हें स्वप्न कधींच खरें झालें नाहीं. कंपनीची सत्ताहि हळूहळू भागीदारांकडे गेली, १९२९ च्या मंदींत संपत्ति ओसरली, आणि ९ जुलै १९३२ रोजीं कॅलिफोर्नियांत त्याचा अंत झाला. वेष्टनांवरील मिशाळ चेहरा जगभर ओळखीचा होता. पण संसाराच्या शेवटीं त्या चेहऱ्याच्या धन्यापाशीं फारसें उरलें नव्हतें.

टाकून देण्याच्या वस्तूवर त्यानें कीर्ति मिळविली खरी. पण टाकलेल्या पात्यांची आठवण कोणास आहे? उलट, त्यानें बनविलेले पितळी दांडे आजहि कित्येक हौशी लोक शोधून आणतात, घासूनपुसून लख्ख करतात, आणि हल्लींचीं दुधारी पातीं त्यांत बसवून रोज दाढी करतात. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या कामांतहि टाकाऊ भाग पुष्कळ असेल. पण एखादा दांडा तरी असा घडवा कीं, शंभर वर्षांनीं तो कोणी जपून हातीं घ्यावा.