कै. कृपाबाई सत्यनाथन

कृपाबाईंचा जन्म सन १८६२ त अहमदनगर येथे झाला. त्यांचे आईबाप, हरिपंत व राधाबाई, ब्राह्मणकुळातून ख्रिस्ताकडे आले होते. मद्रासेस कृपाबाईंनी वैद्यकीचे शिक्षण आरंभिले, परंतु प्रकृतीमुळे ते सुटले. मग 'सगुणा' या नावाने त्यांनी आईबापांच्या विश्वासाची व आपल्या बाळपणाची कथा इंग्रजीत लिहिली. ती १८८७-८८ साली मासिकातून प्रसिद्ध झाली. स्वतःची रोजनिशी छापविणाऱ्या व्हिक्टोरिया राणीसाहेबांकडे 'सगुणा' वाचनास गेली, तेव्हा त्यांनी याच लेखिकेची आणखी पुस्तके मागविली. १८९४ त, अवघ्या ३२ व्या वर्षी, कृपाबाई प्रभूमध्ये निजल्या. साक्ष मात्र राहिली.

उपदेशक बंधूंनो, बारामती व इंदापूरकडील आमच्या मंडळ्यांतही वृद्ध विश्वासी मातापिता आहेत. त्यांची हकीकत, ते आहेत तोवरच, आपण लिहून ठेवावी.