निराधार स्त्रियांचा आधारवड : पंडिता रमाबाई

घरातील छळ असह्य होऊन एखादी स्त्री उंबरठा ओलांडते, तेव्हा तिच्यापुढील पहिला प्रश्न असतो तो त्या रात्रीच्या निवाऱ्याचा. हा प्रश्न किती जीवघेणा ठरू शकतो, हे आपल्या शीळफाटा परिसराने जुलै २०२४ मध्ये अनुभवले. घरातील वादानंतर बाहेर पडलेल्या एका विवाहितेवर येथील डोंगरावर अत्याचार झाला व तिची हत्या करण्यात आली. अशा वेळी, ज्यांनी निराधार स्त्रियांसाठी दार उघडले त्या पंडिता रमाबाईंच्या जीवनाचे स्मरण करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. आईने तीच विद्या मुलीला दिली. दुष्काळात आईवडील व थोरली बहीण गेली. रमाबाई व बंधू श्रीनिवास पायी देशभर फिरले. १८७८ साली कोलकात्यातील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्यांनी गौरविले. १८८० साली भाऊ निवर्तला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. परंतु १८८२ साली पतीचेही निधन झाले. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे फुलहॅम येथील आश्रमात, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या अँग्लिकन धर्मभगिनी त्यांनी पाहिल्या. तुच्छतेऐवजी ही माया कोठून येते, असे त्यांनी विचारले असता त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा ऐकविण्यात आली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रवचनाआधी सेवेने त्यांचे मन जिंकले होते, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

अमेरिकेत निधी उभारून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केले. पुढे ते पुण्यास हलविण्यात आले. तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी बालविधवा गोदूबाई यांचा १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्याच वर्षी सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो, असा आक्षेप घेऊन न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत. तरीही आश्रयाला आलेल्या स्त्रीच्या श्रद्धेचा मान किती जपावा लागतो, याची जाणीव हा प्रसंग आजही सेवकांना करून देतो.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. दौंडजवळील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास रहिवाशांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. एवढ्यांना जेवू घालणेच अवघड. पण रमाबाईंनी तेथे शेती, विणकाम, शिवणकाम व छापखाना सुरू केला. अंध मुलींनाही शिक्षण दिले. आधी आलेल्या मुली नव्याने आलेल्यांची काळजी घेत. आश्रित म्हणून आलेली स्त्री अशी सेविका होत असे. कन्या मनोरमा १९२१ साली निवर्तली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला. मुक्तीचे कार्य आजही चालू आहे.

आज कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे, १८१ हा मदत क्रमांक आहे. तरीही कायद्याला माणसांचे हात लागतात. आपल्या धर्मग्रामातील भगिनी व बंधू आठवड्यातील दोन तास एखाद्या आश्रयगृहास देऊ शकतात : आलेल्या भगिनीचे बोलणे मध्ये न तोडता ऐकावे, पोलीस ठाण्यात वा इस्पितळात तिच्यासोबत जावे, तिच्या मुलांचा अभ्यास घ्यावा, तिला एखादे काम शिकवावे. तिचा ठावठिकाणा कोणालाही सांगू नये. तिचा धर्म विचारू नये, आणि घरी परत जाण्याचा उपदेश तर मुळीच करू नये. निर्णय तिचा तिने घ्यावा.

रमाबाई आपल्या कॅथलिक परंपरेतील नव्हत्या. परंतु त्यांनी उघडलेले दार उघडे ठेवणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.