खडूवाला त्स्वेत

लॅबमध्ये टीएलसीच्या पांढऱ्या प्लेटला कंटाळणाऱ्या मित्रांनो, मिखाईल त्स्वेत माहीत आहे का? जन्म १८७२, इटलीत, वडील रशियन. जिनिव्हाची डॉक्टरेट रशियात चालेना, म्हणून पठ्ठ्याने १९०१ मध्ये कझानहून दुसरी डिग्री घेतली! मग वॉर्सात काचेच्या नळीत खडूची पूड ठासून त्यावर पानांचा अर्क ओतला. खडू जागचा हलत नाही. क्लोरोफिल त्याला धरून बसतं, कॅरोटीन पुढे पळतं, पट्टे वेगळे! १९०६ मध्ये त्याने नाव दिलं क्रोमॅटोग्राफी. (रशियनमध्ये त्स्वेत म्हणजे रंगच!) बड्या केमिस्ट मंडळींना मात्र ते पटलं नाही. १९१९ मध्ये तो गेला. १९३१ मध्ये हायडेलबर्गला हीच पद्धत पुन्हा वापरली, तेव्हा सगळे जागे झाले. आपल्या प्लेटवर खडूऐवजी सिलिका असते, एवढंच.